खुल्या गळ्याचा कोट

"सोड रं! तुटला कान! अहो, कुणी तरी धरा या सैतानाला!"

नवरदेव बोंबलत होते आणि मी त्यांच्या कानाला लटकलो होतो. लटकलो म्हणजे लटकलोच, पाय जमिनीला नव्हते. आमच्या पिशोरच्या मांडवात ताईचं लग्न होतं. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, नवऱ्याकडच्यांनी त्या भावाला नवे कपडे द्यायचे, मगच कान सोडायचा, अशी रीत. बाकीची पोरं लाजत बोट लावतात. मी मुळापासून धरला होता, कारण मला नुसते कपडे नको होते. मला खुल्या गळ्याचा कोट पाहिजे होता आणि त्याच्यावर माझा जीव टांगलेला होता.

जीव म्हणजे खराखुरा. शाळेसाठी मी औरंगाबादेत बोर्डिंगात राहायचो. निजामावर पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या आधी तिथं चांगल्या घरचं पोर म्हणजे शेरवानी, मग ते पाटलाचं असो की मौलवीसाहेबांचं. गुडघ्यापर्यंत लांब आणि गळ्याशी असा हूक, की लावला की गिळलेला घास परत वर यायचा. ॲक्शन झाली आणि शेरवान्या रातोरात ट्रंकेत गेल्या. ट्रंकेतून निघाल्या त्या थेट कातरीखाली. शहरातल्या शिंप्यांनी त्या वर्षी इतकं कापलं, की चिंध्यांनी खाम नदी तुंबली आणि मासे अस्तर लावून फिरू लागले. आमचे शिंपीमामू गिऱ्हाइकाला सरळ विचारायचे, "नीचे से काट्या तो देसी, गला खोल्या तो साब. बोलो, क्या बनाऊँ?"

बहुतेकांनी खालून कापून घेतलं, म्हणजे झाला बंद गळ्याचा कोट. पण तेवढ्यात पुण्या-मुंबईकडून नवे साहेब बदलून आले. त्यांची पोरं खुल्या गळ्याचे, दोन्हीकडं कॉलर मुडपलेले कोट घालून शाळेत आली, आणि बोर्डिंगात बंद गळा दिसला की मार सुरू झाला.

मारणारा एकच. वरच्या वर्गातला, आमच्याच खोलीतला, रेड्यासारखा. बंद कॉलरीत मागून मूठ घालायचा, पिळायचा आणि भिंतीवर आदळायचा. "निजाम गेला, तू कसा राहिला बे?" माझा एक दात त्या भिंतीत रुतला आहे, भिंत पाडली नसेल तर बघून या. एका पोराचा गळा हुकानं इतका चिरला, की पाणी प्यालं तर सदरा भिजायचा, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं एवढंच, की त्याच्या गळ्यातून रक्त आलं आणि तो शाळा सोडून गेला. त्याच्यानंतर गळा चिरून घ्यायची पाळी माझी होती.

तर मांडवात नवरदेवाच्या वडलांनी, करमाडच्या व्याह्यांनी, ताट पुढं केलं. काळा, जाडजूड, घडी घातलेला कोट! मी एका हातानं कान धरून दुसऱ्या हातानं घडी झटकली. गळ्याशी हूक.

"ही शेरवानी हाय!" मी किंचाळलो आणि कानाला आणखी एक वळसा दिला.

"कुठं शेरवानी? खालून कापली की!" व्याही म्हणाले. "लांबी गेली, म्हंजी कोटच झाला."

व्याही निजामाच्या कचेरीत पेशकार होते, साहेबापुढं कागद ठेवणारे. साहेबापुढं उभं राहायची आपली शेरवानी त्यांनी लई मायेनं कापून आणली होती. आणि माझे वडील त्याच निजामाच्या जेलातून पाठीवर वळ घेऊन आलेले.

"ज्या कपड्यासमोर मला फटके पडले, ते माझ्या पोराच्या अंगावर?" वडलांनी एक बाही धरली.

"ह्या कपड्यात मी इमानानं भाकर कमावली, पाहुणे!" व्याह्यांनी दुसरी धरली. "हात काढा, नायतर मोडीन."

वडलांनी हात काढला नाही, डोकं घातलं. व्याह्यांच्या नाकातून रक्ताची पिचकारी उडाली ती थेट होमात, आणि होम चरचरला. मग काय विचारता! मांडवाचे खांब उपसले गेले. आमच्या चुलत्यानं वरणाचा पळा घेतला, त्यांच्या मामानं नारळाचं पोतं उपडं केलं. असे नारळ फुटले, असे फुटले, त्यातले निम्मे डोक्यांवर. भटजी पाट डोक्यावर धरून मंत्र म्हणत होते. एकाचा कपाळमोक्ष झाला, एकाचं बोट दुसऱ्याच्या तोंडात राहिलं. रक्तानं भिजलेल्या अक्षता पायांना चिकटत होत्या. मी मात्र कान सोडला नाही. पोरगा मरायला टेकला की काहीही धरून ठेवतो.

बाह्या ओढता ओढता एकदम 'टर्र' झालं. हूक उडाला, पुढची बटणपट्टी छातीपर्यंत उसवली, कॉलर दोन्हीकडं मोडून खाली लोंबली. हातातल्या बाह्या निसटल्या, तसे दोघं बाप मागं कोलमडले. आणि मी बघतो तर काय, खुला गळा! हुबेहूब साहेबाच्या पोरासारखा!

मी कान सोडला आणि कोटात घुसलो.

"मिळाला ना?" नवरदेव ओरडले. त्यांचा कान फुगून पुरी झाला होता. "मग उरका आता! मला सात पावलं चालू द्या, पाय शाबूत हैत तंवर!"

लग्न उरकलं. सासरी निघायच्या आधी ताईनं सुईदोरा मागितला आणि रडत रडत त्या कॉलरी दोन्हीकडं नीट टाचून दिल्या. रक्ताचे डाग काळ्या कापडावर दिसत नव्हते.

बोर्डिंगात पोचलो तेव्हा तो दांडगा दारातच उभा होता. मी छाती काढली, गळा पुढं केला.

"बघ, खुला गळा हाय. आता कुठं धरशील?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोट आता कुणी घालत नाय," तो म्हणाला. "बुशकोट घालतात."