जन्मभराच्या गोळ्यांचा सिद्धांत

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला शेअर बाजाराचा नाद लागला. काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर रोज सकाळी आमची बैठक भरायची. मी, वेदपाठशाळेतले एक गुरुजी आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब. बाजार उघडायच्या आत भाकितं उरकायची, असा नेम होता. गुरुजी पंचांग काढून बाजार कधी पडणार ते सांगत. नाहीच पडला तर म्हणत, "आपलं पंचांग काशीचं, बाजार मुंबईत. थोडा फरक पडायचाच." मला अशा गोष्टींचा राग यायचा, कारण माझ्याकडे शास्त्रीय सिद्धांत होता.

सिद्धांत साधा होता. ताप उतरतो, खोकला जातो; साखर आणि रक्तदाब माणसाला सोडत नाहीत. तेव्हा जन्मभर घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या जी कंपनी करते, तिचेच शेअर घ्यावेत. कोणाचा माल खपतोय हे कळावं म्हणून आम्ही घरातल्या, शेजारपाजारच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा जमवून आणायचो आणि मागे छापलेलं कंपनीचं नाव वाचायचो. औषध कशावरचं, याच्याशी आम्हांला कर्तव्य नव्हतं. मी तर घरचा कचऱ्याचा डबा रोज उपसायचो. बायको नुसती बघायची.

एका कंपनीवर माझा भारी विश्वास बसला. तिची स्ट्रिप आमच्याच डब्यात नेमाने सापडायची. बायकोच्या गुडघ्यांची असणार, असं मी धरून चाललो. निवृत्तीचा बराचसा पैसा त्या कंपनीत घातला आणि तिथून माझी झोप उडाली. भाव जरा खाली आला की घशाखाली घास उतरायचा नाही. बायको काही बोलू लागली की मी हातानेच तिला थांबवायचो आणि फोनकडे बघत बसायचो.

एके दिवशी गार्डसाहेबांनी आपल्या मेहुण्यांना सोबत आणलं. त्यांची सगळी हयात औषधाच्या दुकानात गेलेली. मी म्हणत होतो भाव चढणार, गुरुजी म्हणत होते शनी वक्री आहे. वाद चांगलाच जुंपला होता. मेहुण्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझी स्ट्रिप डोळ्यांजवळ धरली.

"यह तो कमज़ोर दिल की दवा है. एक बार शुरू हुई, तो फिर छूटती नहीं."

गार्डसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सुना भाई साहब? आपकी थ्योरी सही निकली!"

"किसके घर से आई है?" मेहुण्यांनी विचारलं.

मी स्ट्रिप त्यांच्या हातातून घेतली आणि त्या वयात पायऱ्या धावत चढलो. गल्लीत सांड आडवा उभा होता. एरवी मी लांबूनच मागे फिरतो. त्या दिवशी त्याला खेटून गेलो.

बायको पोळ्या लाटत होती. मी स्ट्रिप पुढे केली. "ही कुणाची?"

"माझी," ती म्हणाली. "सांगायला दोनदा आले होते. तुम्ही बाजार बघत होतात. मग म्हटलं, डबा तर रोज उपसता. म्हणून वर दिसेल अशीच टाकत होते. वाटलं, आज ना उद्या विचाराल."

तिने तवा खाली उतरवला.

"तीन महिने झाले. आज कसं विचारलंत?"

खरं उत्तर द्यायची मला लाज वाटली. तिच्या गोळ्या चालू आहेत, आणि ते उत्तर मी अजून दिलेलं नाही.