मामांनी कुलूप घातलेली काचपेटी

यंत्रांवर काडीचाही विश्वास नसलेला यंत्रदुरुस्तीवाला मी आयुष्यात एकच पाहिला. परंड्याजवळच्या आमच्या सहकारी दवाखान्यात ते फिटर होते आणि मी कंपाउंडर. सगळे त्यांना मामा म्हणत. नवं यंत्र आलं की मामा आधी ते बिघडवायला बसत. डोळ्यांवर पंचा बांधून बटणं चाचपत, नळ्या मुद्दाम उलट्या लावत. "घाबरलेला मानूस कुटं चुकंल, ते बघाया पायजे," म्हणत. प्राणवायूची नळी कफ ओढायच्या यंत्रालाही बसते हे दिसताच त्यांनी तिचं तोंडच असं बदललं, की पुन्हा कुणाच्या बापाला ती चुकीच्या जागी लावता येऊ नये. त्या दिवशी ती बरोबर जागीही बसेना, तेव्हा डॉक्टरीणबाई लई तापल्या! भाचीच्या लग्नात नवरदेवाची खुर्ची हलवून हलवून मामांनी तिचा पाय मोडला आणि "बरं झालं, आत्ताच कळलं," म्हणून समाधानानं पंगतीला बसले.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचपेटी आली. पुरेशी ऊब झाली की तिच्यातला दिवा आपोआप विझायचा. मामांनी बाळाच्या जागी पाण्याची बाटली ठेवून आठवडाभर पेटी चालवली. पाचव्या दिवशी दिवा विझलाच नाही. पाणी चटका बसण्याइतकं तापलं. पुढं पुन्हा सगळं सुरळीत. कंपनीचा माणूस म्हणाला, "होतं एखाद्या वेळी." मामांनी पेटीला कुलूप घातलं. का चुकली ते कळेपर्यंत तिच्यात लेकरू ठेवायचं नाही, असं त्यांनी बाईंनाही बजावलं.

आणि त्याच आठवड्यात मामांची लेक दोन महिने आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, मूठभर.

"मामा, कुलूप काढा. आम्ही पाळीपाळीनं लक्ष ठेवतो," बाई म्हणाल्या.

"ध्यान ठिवनारा मानूसबी चुकतोच की, बाई. दुसऱ्याच्या लेकराला जी चालत न्हाय, ती माझ्या नातीला कशी चालंल?"

किल्ली त्यांनी दिली नाही. कापसात गुंडाळलेली नात आईच्या छातीशी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. "पेटीतही जगली असतीच असं नाही," बाई म्हणाल्या.

त्यानंतर मामा रोज पेटीत बाटली ठेवून समोर स्टुलावर बसत. दिवा वेळेवर पेटायचा, वेळेवर विझायचा. मला त्यांचा फार राग यायचा आणि त्यांची कीवही यायची. एका दुपारी न राहवून मीही शेजारी जाऊन बसलो. दिवा विझला.

"आजबी न्हाय चुकली," मामा म्हणाले.

एखादं यंत्र बिघडू दे म्हणून देवाला साकडं घातलं ते मी त्या दुपारी, आयुष्यात एकदाच.