चिंचोक्याचं बटण

दादा गेल्याची बातमी मला शेजारच्या काकूंच्या फोनवर कळली. साताऱ्यात आमच्याकडे फोन नव्हता. तो घे म्हणून दादाच चार वर्षं माझ्या मागं लागला होता. "सुमे, नंबर तरी लावून ठेव," हे त्याचं पालुपद. काकूंच्या हॉलमध्ये ओल्या हातानं रिसीव्हर धरून मी ऐकलं, की माधवनगरात पहिल्या पाळीला निघालेला माझा विलासदादा चहाच्या गाडीवर बसल्या बसल्याच गेला. बेचाळीस वर्षांचा माणूस. कपात अर्धा चहा तसाच... आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर येत्या शनिवारी मी येते असं त्याला कळवलं होतं. खरं सांगते, त्याही शनिवारी मी गेले नसतेच. तीन तास एसटीत कोण बसणार, मुलांच्या परीक्षा आहेत, पाहुणे आहेत... मला दर वेळी काहीतरी सापडायचंच.

दादा कापडगिरणीत वायरमन होता. लग्न केलं नाही. घरात तो, आई आणि त्याची यंत्रं. वस्तीतला पहिला रंगीत टीव्ही त्याचा, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालून वर रबर लावलेलं. यंत्रांबद्दल त्याची लय मतं असायची, आणि ती तो जेवताना हमखास ऐकवायचा. रिमोट आल्यापासून घरातली माणसं एकमेकांना हाक मारत नाहीत, पूर्वी "ऊठ रं, आवाज बारीक कर" एवढं तरी बोलायची. केबलवर इतकं काही लागतं, की काय बघायचं ह्यावर भांडता भांडता कार्यक्रमच संपतो. टाळी वाजवली की लागणारा दिवा त्यानं स्वयंपाकघरात बसवला होता. आई भाकरी थापायला लागली, की तो चालू-बंद, चालू-बंद. "इलासा, ही भुताटकी काढ आदी," आई ओरडायची. मी पोट धरून हसायचे. टेपशीच लग्न लावून घे म्हणून त्याला छळायचे. तोही हसायचा आणि स्क्रू पिळत बसायचा.

पुढं काचबिंदूनं आईची नजर गेली. दादाची दुपारपाळी असली, की संध्याकाळची बुद्धवंदना तिला एकटीला म्हणावी लागायची. मधेच विसरायची आणि रडायची. दादानं मोडीत निघालेलं टायमरचं घड्याळ आणून कपाटातल्या टेपरेकॉर्डरला जोडलं. साडेसहाला आपोआप करंट सुरू, आणि त्याच्या आवाजात वंदना. एक ओळ तो म्हणणार, मग "आता तू म्हण, आई," आणि मग तिच्या म्हणण्यापुरती मोकळी जागा. आईला कुठली ओळ म्हणायला किती वेळ लागतो, हे त्यानं आठवडाभर तिच्याशेजारी बसून वहीत टिपलं होतं. कॅसेट मागं फिरवायचं बटण तिला चाचपून कळावं म्हणून त्यावर चिंचोका चिकटवला होता. हे सगळं त्यानं मला सांगितलं होतं. पण साडेसहाला मी कधी तिथं बसलेच नाही, त्यामुळं वंदनेच्या आधी त्या कॅसेटवर आणखी काही आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. आईनं मला आधीच बजावलं होतं, "सुमे, त्ये टेपचं बंद कर." मी एक वायर ओढली. दादानं बोर्डावर सगळं स्वतःच्या डोक्यानं जोडलेलं, मी ओढली ती टीव्हीची निघाली. दोन मिनिटं शांत उभं राहायचं म्हणून सगळे उठले, आणि कपाटात 'खट्' झालं.

"आई, बसलीस का?"

दादाचा आवाज. आईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बसले रं."

"गोळी घेतली?"

"घेतली."

तिचं उत्तर संपायला आणि पुढचा प्रश्न यायला एकच गाठ पडली. समोर त्याच्या फोटोपुढं मेणबत्ती जळत होती.

"घरात कोण आलंय का?"

खोलीत पन्नास माणसं होती... मग तो म्हणाला, "सुमी आली का?"

त्यापुढच्या मोकळ्या जागेत मी धावत जाऊन मेन स्विचच पाडला.

ती कॅसेट ठेवू नका, असं सगळ्यांनीच सांगितलं. आई ऐकेना. "मला काय येड लागलेलं न्हाई," ती म्हणाली. "त्यो गेला, ठाव हाय मला. पर त्यानं इचारलं तर उत्तर नगं द्याया? आन् तुला फुडचं ऐकायचं आसंल तर साडेसहाला बसून ऐक."

तेव्हापासून दर शनिवारी मी माधवनगरला जाते. पण पाचची एसटी गाठायची आहे म्हणून निघायचे. इतकी भित्री मी. दीड महिना असाच गेला. गेल्या शनिवारी मात्र थांबले.

साडेसहाला खट् झालं. आवाज त्याचाच, पण जड झालेला, ओढल्यासारखा. टेपचा रबरी पट्टा सैल पडला होता. नवा पट्टा दादानं आणून काडेपेटीत घालून कपाटावर ठेवला होता, मला सकाळीच सापडला होता. आईला म्हणाले, कुणाकडून तरी बसवून घेऊ.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "त्याचं बी वय व्हतंय."

तोवर त्याचं बसलीस का, गोळी घेतली का, घरात कोण आलंय का हे विचारून झालं होतं.

"सुमी आली का?"

आईनं चाचपडत माझं मनगट धरलं. "आली रं इलासा. हितं बसलीया." मीही म्हणाले, "आले रे दादा." टेप फिरत राहिली. ती मोकळी जागा बरोबर आईच्या रोजच्या उत्तराएवढी होती... मग दादाचा तो म्हातारा आवाज म्हणाला, "न्हाई आली? बरं बरं. येईल गं शनिवारी. तू तिला काय बोलू नगंस."