आंटीचं डोकं उठलं की रेकॉर्ड खपते

न खपलेला माल आणि किस्से, दुकानात दोन्ही आपोआप साठतात. आमचं दुकान चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. आमचं म्हणजे डॉमनिकचं, मी फक्त गल्ल्यावर. विकतो अंडरग्राउंड हाऊस म्युझिकच्या रेकॉर्ड: रेडिओवर कधी न लागणारं, नाचायचं धडधड संगीत. ते खपतं कसं, हे बघून मी अजून सावरलेलो नाही.

*

पहिल्याच आठवड्यात मुलुंडहून एक जण आला. खणातून कोऱ्या पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड उचलली.

"कोणाची आहे?"

"माहीत नाही," डॉमनिक म्हणाला.

त्याने लगेच घेतली! आमच्या घरी पापडसुद्धा नाव वाचून घेतात.

*

एक रेकॉर्ड काचेत कित्येक महिने धूळ खात होती. डॉमनिकने ती काउंटरखाली ढकलली. जुहूच्या एका गिऱ्हाइकाने वाकून बघितलं.

"ती विकायची नाही," डॉमनिक तोंड पाडून म्हणाला.

गिऱ्हाईक अर्धा तास विनवत होतं. शेवटी उपकार केल्यासारखी दिली. मी गार पडलो.

*

शेजारी प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना आहे, मशीन दिवसभर धडधडतं. एकदा एक मुलगी डोळे मिटून मान डोलवत उभी.

"हे कुठलं लावलंय? मला हवंय."

आमचा प्लेअर बंद होता.

*

डॉमनिकची आई, आमची आंटी, दुपारी डबा घेऊन येते. एकाला तिने सरळ सांगितलं, "नको घेऊ रे पोरा, माझं डोकं उठलं त्याने."

त्याने दोन घेतल्या! त्या दिवसापासून आंटीला ऐकवून डॉमनिक रेकॉर्डवर चिठ्ठी लावतो: "आईचं डोकं उठलं." त्याच सगळ्यात आधी खपतात. धंदा आहे की चेष्टा, मला कळेना.

*

मग डॉमनिकने स्वतःची रेकॉर्ड काढली. लेबल कोरं, नाव कोणाला सांगायचं नाही. "ही नाही खपली तर पुन्हा काढणार नाही," मला म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

कोणाची ते न सांगता आंटीला ऐकवली.

"बरं वाटलं रे. जरा डोळा लागला," आंटी म्हणाली.

डॉमनिकचा चेहरा उतरला. पण नियम म्हणजे नियम. चिठ्ठी लावली: "आईला बरं वाटलं." एकानेही हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं.

*

एका दुपारी डॉमनिक बँकेत गेला होता. ती रेकॉर्ड कोणाची, आंटीने मला विचारलं. मी सांगून टाकलं. तिने जुनी चिठ्ठी काढली, माझं पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं: "दोन दिवस डोकं धरून बसले. कोणी घेऊ नका."

रविवारपर्यंत खण रिकामा!

डॉमनिक आईसमोर येऊन उभा राहिला. "आई, खरंच एवढा त्रास झाला?"

"झाला तर."

"मग दुसरी काढू की नको?"

आंटीने डब्याचं झाकण लावलं. "काढ. डोकं माझं आहे ना, बघेन मी."