आपापलं ताट-तांब्या

माझ्या सासऱ्यांइतका ऐटबाज माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्यांची सगळी ऐट होती ती घरात काय काय नाही यावर. लोक नवी मोटारसायकल दाखवतात त्या थाटात ते पाहुण्याला रिकामी खोली दाखवायचे. धोतरं दोन, एक अंगावर आणि एक दांडीवर; तिसरं कुणी आहेर म्हणून दिलं, की संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्याच कुणाच्या तरी कमरेला दिसायचं. घाटनांदूरच्या बाजाराला जाताना मऊ वाट लागली की चपला काढून हातात घ्यायचे. "माती मऊ हाय, चप्पल कावून झिजवायची?" गावच्या दूध सोसायटीचे ते चेअरमन. सोसायटीनं हौसेनं फिरती खुर्ची आणली, तर तिच्यावर रिकामे कॅन रचून हे आपले पोत्यावर. "बसायला बूड लागतं, खुर्ची न्हाई," असं भर बैठकीत सांगायचे. खाण्यापिण्यातली काटकसर मात्र त्यांना अजिबात खपत नसे. पाहुण्याच्या ताटात तुपाची धार आखडली, की घरच्यांची धडगत नव्हती.

घोळ झाला तो माझ्या सोयरिकीच्या वेळी. साल दुष्काळाचं. मुलगी बघायला आम्ही अंबाजोगाईहून निघणार, तर आदल्या दिवशी दुधाच्या गाडीवाल्याबरोबर निरोप आला: "जेवायलाच या. येताना आपापलं ताट-तांब्या आणा." त्यांच्या गावात पंगतीला असंच जायची रीत होती, नव्या सोयऱ्यांना ती सांगायची नसते, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझे वडील, अण्णा, मानपानाच्या बाबतीत फार हळवे. ते असे खवळले की विचारू नका. "आमाला काय भिकारी समजला का? मोडली सोयरीक!" मी त्या मुलीला एका लग्नात ओझरतं पाहिलं होतं आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं, त्यामुळे माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आईनं कशीबशी समजूत घातली आणि गुपचूप ताटं पिशवीत भरली.

दारात पोचताच अण्णांनी तोफ डागली. "तुमच्या घरात ताटं न्हाईत व्हय?"

"न्हाईत की!" सासरे मोठ्या अभिमानानं म्हणाले. "चला, दावतो कुठं हायत."

गावाबाहेर बाभळीखाली सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. तिथं तांब्याच्या घंगाळात म्हशी पाणी पीत होत्या, परातीत पेंड भिजत होती आणि लग्नातल्या नावं कोरलेल्या ताटांत वासरं तोंड घालून उभी होती. "घरात नुसती मांडून ठिवलेली, हितं कामाला आली. आमच्या सोसायटीचं एकबी जनावर बाजारात गेलं न्हाई बघा!"

अण्णांनी बाह्या सारल्या आणि मुकाट्यानं पाण्याची बादली उचलली. दिवस कलेपर्यंत आम्ही तिथंच होतो. नंतर घाईघाईत, आमच्याच ताटांत, बोटांवरून ओघळणाऱ्या तुपासकट जेवलो आणि शेवटची एसटी गाठली. गाडी सुटल्यावर आई एकदम म्हणाली, "अवो, पोरगी बघायची ऱ्हायलीच की!"

"बाप बघितला न्हवं," अण्णा म्हणाले. "आता आनिक काय बघायचं?"

सासऱ्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्या भरगच्च घरात आले की दारातच थबकून विचारायचे, "जावईबापू, बसू कुठं?" तुम्ही कुणाचे जावई, असं कुणी विचारलं तर आजही मी ताठ होऊन त्यांचं नाव सांगतो. मग घरी येतो, कपाटं-खुर्च्यांमधून वाट काढत बसायला जागा शोधतो, आणि मला त्यांची फार आठवण येते.