दिग्याचं दार

डोळा लागतोय, पण अजून लागला नाहीये. शेडच्या पत्र्यावर दुपारचं ऊन तडतडतंय. मी फरशीवर पोतं टाकून आडवा झालोय. पंखा लांब जातो, जवळ येतो. पायाशी ते चिनी कपाट उभं आहे, चादर पांघरून. कोणीतरी माणूस उभा असल्यासारखं वाटतं.

चादरीखाली काहीतरी मोडतं. बारीक आवाज, पापडाचा असतो तसा.

मला माहितीये ते काय आहे. डाव्या दारावरचा अजून एक पापुद्रा सुटला.

आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाईत आम्ही दोघं पॉलिशची कामं करायचो, मी आणि दिगंबर, म्हणजे दिग्या. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. मोबाईलवर बघायचं, चुकायचं, घासून काढायचं, परत करायचं. सागवानी कपाटं, पाळणे, देव्हारे. मग पाचगणीच्या पारशी खोर्शेदबाईंनी हे चिनी कपाट पाठवलं. त्यांच्या पणजोबांनी चीनहून बोटीनं आणलेलं. काळंभोर, आणि दारांवर सोन्याच्या भुकटीनं काढलेलं चित्र. पूल, वाकलेलं झाड, गळ टाकून बसलेला म्हातारा.

आम्ही डाव्या दाराला चपडा मारला. स्पिरिटमध्ये विरघळवतात ती लाख, आम्ही सगळ्याच लाकडांना मारतो ती. दार आरसा झालं. दोघांनी त्यात बघून केस नीट केले.

महिन्याभरानं कळलं. चिनी लोक झाडाचा चीक लावतात. आपल्या बिब्ब्यासारखाच, अंगाला लागला तर उततो. दमट हवेत एकेक थर वाळवतात. त्याच्यावर आपला चपडा बसला की तो हळूहळू आवळत जातो आणि खालचे थर उचलतो. सोन्यासकट.

चपडा दिग्यानं मारला. मारायला लावला मी. तो म्हणत होता, थांब, कुणालातरी इचारू. मी म्हटलं, विचारायचंय काय त्यात?

चूक कळली त्याच दिवशी तो बाईंना सांगायला गाडीवर निघाला. पसरणीच्या घाटात एका वळणावर अपघातात गेला. आठ महिने झाले.

बाईंना मी काय सांगितलं? दिग्यानं मला न विचारता केलं.

आता चपडा उतरवायचा, एवढा एकच उपाय आहे. पण ते त्याचं शेवटचं काम. त्याची आई, सुलभाकाकू, अधनंमधनं येतात, चादर सरकवतात आणि दाराकडे बघत बसतात. "केवढं लख्ख केलंय पोरानं." त्यांच्यासमोर काय काढू? आणि नाही काढलं तर? सोमवारी बाई टेम्पो पाठवणार आहेत. दार असंच गेलं तर सोनं सगळं गळून पडेल.

म्हणून मी झोपतोय. आठ महिने हेच करतोय. चादर टाकायची आणि झोपायचं.

"च्या पाजणार का नुसता घोरणार?"

दिग्या कपाटासमोर उकिडवा बसलाय. मांडीवर हेल्मेट. हेल्मेटमध्ये शेंगा, तो सोलून खातोय.

"दिग्या, तू गेलायस ना रे?"

"गेलोय की. मग? गेलेल्याला च्या देत न्हाईत का तुमच्यात?"

मला हसू येतं. तो हात पुसतो आणि चादरीला हात घालतो.

"राहू दे," मी म्हणतो.

"का? माझं काम हाय ना? बाईंना तसंच सांगितलंयस म्हणं."

चादर खाली पडते. आवाज होत नाही. दिग्या दारावरनं नख फिरवतो, खालून वर, आणि नखाखाली सगळं खपलीसारखं उठत जातं.

"लेका सुम्या, उन्हानं पाठ सोलावी तसं झालंय हे. किती दिवस झाकून ठिवणार?"

"सोमवारपर्यंत."

"आन मग?"

तो दार उघडतो. आत दहा खण असायला पाहिजेत, पितळी कड्यांचे. आत घाट आहे.

मी गाडीवर मागं बसलोय. डावं दार बिजागऱ्यांसकट माझ्या मांडीवर आडवं. दिग्या चालवतोय. खाली धोम धरणाचं पाणी चकाकतंय. वारा दाराखाली घुसतो आणि पापुद्रे उडायला लागतात, एकेक. मी तळहातानं दाबून धरतो. इथं दाबलं की तिथनं सुटतं. पूल गेला. झाडाची अर्धी फांदी गेली.

"हळू चालव!"

"हळूच चालवतोय. बाईंना काय सांगितलंस?"

"पुढं बघ, दिग्या."

"तू सांग, मग बघतो." तो मान पूर्ण मागं वळवतो. गाडी चढावर चाललीच आहे. समोर वळण येतंय, ते वळण. "मेलेला मानूस लई बरा पडतो, नाय? उलट बोलत न्हाय."

"मी घाबरलो होतो."

"कशाला? बाई काय खात व्हत्या का तुला?"

"सगळे म्हणाले असते, त्या सुम्यानं करायला लावलं, आणि पोरगं निस्तरायला गेलं आणि मेलं."

"मग खोटं हाय का त्यात?"

वळण आलं. मी डोळे मिटतो.

भाकरीचा वास.

दिग्याच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा. सुलभाकाकू भाकरी थापतायत. थाप, थाप, थाप. डावं दार भिंतीला टेकवून ठेवलंय आणि त्या मधूनमधून त्यात बघतायत. दिग्या त्यांच्या मागं उभा आहे, अगदी पाठीशी. दारात काकू दिसतायत, तवा दिसतोय, मी दिसतोय. तो दिसत नाही.

"बघ," तो म्हणतो. "आई येईल तवा बघती ह्यात. मी कुठं दिसतोय?"

"त्यांना वाटतं हे तूच..."

"तिला कुनी सांगितलं न्हाय म्हनून वाटतं. तू सांगितलंयस का, की ह्यो चपडा म्हंजे आपल्या दोघांची चूक हाय? पोराची चूक पुसून पुसून ठिवती बिचारी."

काकू पदरानं दार पुसतात. पदराला सोनं लागतं. त्या पदर बघतात, मग माझ्याकडे.

"सुमंता, हे काय रे निघालं?"

भाकरी तव्यावर जळायला लागते, धूर व्हायला लागतो, आणि काकू उत्तराची वाट बघत तशाच उभ्या.

"बोल की मर्दा," दिग्या म्हणतो. "भाकरी जळाली."

धूर जातो तेव्हा शेड आहे. ऊन तेवढंच. दार कपाटाला परत लागलंय. दिग्या माझ्या हातात काडी देतो, टोकाला कापूस गुंडाळलेली.

"स्पिरिट नुसतं दाखवायचं. कापूस वला दिसला न्हाय पायजे. पाच फेरं मारायचं, थांबायचं, बोळा टाकायचा, नवा घ्यायचा. सहावा मारलास की म्हातारा गेला."

"तुला कसं माहिती?"

"तुझ्याच मोबाईलवर हाय. आठ महिन्यात चाळीसदा बघितलायस तो व्हिडिओ. करायचं तेवढं राहिलंय."

"हात थरथरतोय माझा."

"माझाबी थरथरत व्हता चपडा मारताना. तवा तू काय म्हनलास? काय हुत न्हाय रे. आता मी म्हनतो. काय हुत न्हाय रे."

मी काडी टेकवतो. एक. तांबूस रंग कापसात चढतो. दोन. तीन. चपड्याखालनं काळं वर येतंय. चार. गळाची दोरी दिसते, केसाएवढी. पाच. थांबतो. श्वास सोडतो. नवा बोळा.

"काकूंना तू सांग ना," मी न बघता म्हणतो. "तुझं ऐकतील त्या."

मागं एक शेंग फुटते.

एक. दोन. तीन. म्हाताऱ्याची टोपी. चार.

"दिग्या?"

माझ्या मानेवर त्याचा श्वास होता, तो आता नाही. मागं वळलो तर हात हलेल. हात हलला तर सोनं जाईल. मी वळत नाही. पाच. थांबतो. फार मोठं काहीतरी घाटातून खाली येतंय, हॉर्न वाजवत, जवळ, अजून जवळ, आणि माझी काडी दारावर टेकलेली, सहावा फेरा बोटातून सुटायला आलेला. मी हात उचलतो.

हॉर्न रस्त्यावरच्या एसटीचा आहे.

मी जागा आहे. पोतं तिकडं राहिलंय आणि मी कपाटासमोर बसलोय. चादर फरशीवर. पाठ घामानं भिजलीये. इथं कधी येऊन बसलो, बाटली कधी उघडली, काही आठवत नाही.

फरशीवर सात बोळे पडलेत, तांबूस, अजून दमट. डाव्या दारावर काडेपेटीएवढी जागा मोकळी झालीये. तिथं चकाकी नाही. मऊ काळा रंग, आणि त्यात म्हाताऱ्याचं तोंड. सोन्याचं. सगळं जागेवर. पापणीसुद्धा.

मी बराच वेळ बघतो. बोट लावत नाही.

काकूंना फोनवर सांगता येणार नाही, तिथं जावं लागेल. बाईंना मात्र फोनवर सांगता येईल. नंबर लावतो. तीन रिंग जातात, आणि मला वाटतं उचलू नये, आणि त्या उचलतात.

"बाई, सुमंत बोलतोय, वाईहून. सोमवारी टेम्पो पाठवू नका, दार झालेलं नाही. आणि दिगंबर त्या दिवशी तुमच्याकडेच येत होता. चपडा कुणी मारायला लावला, ते मी तुम्हाला खोटं सांगितलं."

पलीकडं नुसतं घड्याळ ऐकू येतं.

"बोल, दिकरा," बाई म्हणतात. "मी बसले आहे."

फोन कानाला धरलेली माझी बोटं अजून स्पिरिटनं गार आहेत.