मायच्या झोपेचा बंदोबस्त

मूर्खपणा कोण करत नाही हो? पण त्याचा आवाज घरातल्या घरात राहतो. माझा मात्र पार आदिलाबादपर्यंत पोचला. खोटं नाही सांगत, ट्रकवाल्यांनी नेला!

बसा, चहा होतोय तोवर ऐका. हसायचं तर खुशाल हसा, फक्त जरा हळू. आत मंदा आहे, म्हणजे आमची बायको. तिला या विषयाचं निमित्तच पाहिजे असतं.

तेव्हा कापसाचे फार वाईट दिवस होते. भाव असा आपटलेला की विकायला न्यायचं मन होत नसे. मग वेचलेला कापूस ठेवायचा कुठे? घरात! आमच्या भागात तेव्हा ज्याच्या त्याच्या घरी कापूस खोलीत आणि माणसं ओसरीवर. माझं घर पांढरकवड्याला, नागपूर-हैदराबाद रोडला अगदी चिकटून. मी सरकारी कचेरीत कारकून. शेती माझा मोठा भाऊ, दादा, गावाकडे पाहायचा. त्यानं एक दिवस ट्रॉली लावली आणि सगळा कापूस माझ्या समोरच्या खोलीत ओतला.

"रोडवर घर हाय तुह्यं," दादा म्हणाला. "भाव आला का गाडी लावली अन् नेला. दोन दिवसाचं काम हाय."

दोन दिवसांचे दोन महिने झाले. खोली खालपासून छतापर्यंत गच्च. रोडच्या बाजूला आपल्याला खिडकी होती हेसुद्धा आम्ही विसरलो. ये-जा मागच्या दारानं. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. कचेरीत साहेबांसमोर फाईल धरायची का पाठ खाजवायची, असा रोजचा प्रश्न.

कापसाच्या मागे मधली खोली, आणि तिथे मायची खाट. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आमची चिमी दीड वर्षाची झाली होती, पण मायनं नातीचं तोंड धड पाहिलेलं नव्हतं. मांडीवर घ्यायची, बोटांनी गाल चाचपायची आणि विचारायची, "नाक बारीक लागते. कोनावर गेली रे पोट्टी?" मी म्हणायचो, "तूच पाहून सांग, माय."

यवतमाळच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली. दोन्ही वेळा मायचं बीपी चढलेलं निघालं आणि आम्ही परत आलो. तिसऱ्यांदा दाखवायला नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ उतरलंय. झोप होतेय वाटतं आजीची. पंधरा दिवसांनी आणा, करून टाकू. मात्र घरात शांतता पाहिजे. या वेळी चढलं तर लवकर नंबर लागणार नाही. जसं चाललंय तसंच चालू द्या."

तसंच चालू द्यायचं म्हणजे काय? काहीच करायचं नाही! आणि काहीच न करणं मला जन्मात कधी जमलंय का?

त्याच रविवारी पेपरच्या पुरवणीत लेख आला. घर निवांत कसं करावं! त्यात लिहिलं होतं की घरातला पसारा हाच मनाचा ताण. भिंती पांढऱ्या ठेवा. हिरवळ लावा. सुगंध असू द्या. एखादी नाजूक घंटी टांगा. आजारी माणसाला हवेशीर खोली द्या. मी लेख वाचला आणि मान वर करून समोर पाहिलं. पसारा? अहो, माझ्याएवढा पसारा अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडे असेल? छताला टेकला होता!

मंदानं लेख वाचलाही नाही. "डॉक्टर काय म्हनले? जसं हाय तसंच ठेवा म्हनले ना?"

"तुले नाई समजत त्याच्यातलं," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा, मंदानं अजून ठेवलंय.

दादाला फोन लावला. "कापूस घेऊन जाय."

"भाव आला का?"

"नाई. घरात शांती पायजे."

दादा हळूच म्हणाला, "सुधाकर, तुही तब्येत बरी हाय ना?"

ट्रॉलीच्या खेपा झाल्या, खोली मोकळी झाली. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि कामाला भिडलो. भिंतींना चुना. खिडकीत तुळस. मनीप्लांटच्या तीन बाटल्या. उदबत्ती. दारासमोर रोडच्या कडेला आमचा निंब आहे, त्याचा ओटाही चुन्यानं पांढराशुभ्र केला, म्हणजे मायला संध्याकाळी बसता येईल. निंबाच्या फांदीला पितळी घंटी टांगली. मायची खाट उचलून थेट खिडकीजवळ आणली. कमरेवर हात ठेवून मी मधोमध उभा राहिलो. काय वाटलं म्हणून सांगू! लेख लिहिणाऱ्यानं येऊन माझ्या घराचा फोटो काढावा, असं वाटलं.

"कसी वाटते खोली, माय?"

"मोठी लागते बावा," माय म्हणाली, आणि तेवढ्यात पहिला ट्रक आला.

आमच्या घरासमोर उतार आहे आणि उतारावर वळण. प्रत्येक गाडीवाला तिथे हॉर्न देतो. खिडकीची तावदानं थरथरली, मनीप्लांटची एक बाटली पडली आणि माय खाटेवर ताडकन उठून बसली. तो गेला तर दुसरा. दुसऱ्यामागे तिसरा.

"मंदा," मी विचारलं, "आज ट्रक भल्ले वाढले का?"

मंदानं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. "रोजच्याइतलेच हायत."

मला पटलं नाही. मी आपला डोकं चालवतोय! राजूरकडे कोळसा जास्त निघायला लागला असेल, त्याच्या गाड्या इकडून वळवल्या असतील, असा शोध मी लावला. कचेरीत चार जणांना समजावूनही सांगितला. चौघांनी माना डोलावल्या. सरकारी कचेरीत कोण कोणाला अडवतं?

तिसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यातला कंपाउंडर येऊन बीपी मोजून गेला. चढलेलं! माय सकाळपासून डोकं धरून बसलेली. आता आला ना प्रश्न? पण मी हार मानणारा नव्हतो. गाड्या हळू गेल्या तर आवाज कमी होईल, इतकं साधं गणित. गाड्या हळू कशा होतात? लाल फडकं दिसलं की! बारा हाताचा बांबू आणला, त्याला लालभडक कापड बांधलं आणि निंबाच्या ओट्याशी रोवला. गाडी कडेला घासून जाऊ नये म्हणून ओट्यापुढे सात दगड ओळीनं मांडले. लांबून दिसावेत म्हणून त्यांना शेंदरी रंग फासला.

तुम्ही आत्ताच हसायला लागलात? अहो, पांढरा ओटा, वर घंटी, लाल झेंडा, शेंदरी दगड, खिडकीतून उदबत्तीचा धूर. तुम्हाला बसल्या जागी दिसतंय, मग मला समोर उभं राहून का दिसलं नाही?

सकाळी काय चमत्कार! गाड्या खरंच हळू झाल्या. मी मंदाला हात धरून बाहेर आणलं. "पाह्य! याले म्हंतेत डोकं!"

तोंडातला शब्द तोंडातच होता, तोच पहिला ट्रक आमच्यासमोर आला, अगदी सावकाश झाला, आणि त्यानं हॉर्न दिला. आधीसारखा तुटका नाही. लांबलचक! पोंऽऽऽऽ! जाईपर्यंत हात काढला नाही पठ्ठ्यानं. मागचा आला, त्यानंही तेच. तिसरा तर थांबलाच. ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढल्या, निंबाजवळ गेला, टण्णकन घंटी वाजवली आणि माझ्या दगडावर नारळ फोडला.

मी धावलो. "अरे भैया, हॉर्न क्यूं बजाया?"

"सलामी दी, भैया," तो हात जोडून म्हणाला. "देवस्थान के सामने से कोई चुपचाप जाता है क्या?"

"ये देवस्थान नहीं है! मैंने परसों बनाया!"

"बहुत पुण्य का काम किया," असं म्हणून त्यानं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि जाता जाता आणखी एक सलामी दिली.

दुपारपर्यंत चार नारळ, एक झेंडूचा हार आणि घंटी तर विचारू नका. मी चिडून झेंडा उपटला. तर काय, पुढचा ड्रायव्हर खाली उतरून माझ्यावरच डाफरला, "झंडा किसने निकाला?" आणि स्वतःच्या गाडीतलं नवं कोरं लाल कापड काढून त्यानं बांबूला बांधलं! दगडांना हात लावायची तर माझी छातीच झाली नाही. समोरच्या ढाब्यावरची माणसं एव्हाना पाया पडून जात होती. करायला गेलो शांती, झाली जत्रा!

आणि माय आतून विचारते, "सुधाकर, कोनाची जत्रा हाय रे?"

संध्याकाळी कंपाउंडर आला. बीपी मोजलं, पण आकडा सांगितला नाही. यंत्र गुंडाळलं आणि म्हणाला, "असंच राह्यलं तं ऑपरेशनचं काही खरं नाई, भाऊ."

आता मात्र, खरं सांगतो, भीती वाटली. ही तारीख गेली तर पुढची कधी? तोवर चिमी पळायला लागेल, शाळेत जाईल, आणि माय आपली बोटांनीच तिचं नाक चाचपत राहील. मी खाटेपाशी खाली बसलो.

"माय, तुले झोप काहून येत नाई?"

"कसी येईन बावा?" माय अगदी शांतपणे म्हणाली. "कापूस होता तवा एक गाडी आइकू येत नव्हती. मस्त झोपत होती मी. आता सारा रोडच उशाशी आनून ठेवला तुनं."

कापूस! छतापर्यंत ठासून भरलेला कापूस! दोन महिने तो रोडचा सगळा आवाज गिळत होता. डॉक्टरला उतरलेलं बीपी दिसलं ते त्या कापसामुळे, आणि मी तोच ट्रॉलीत भरून पाठवला. ट्रक तेवढेच होते हो, मीच घराच्या कानातला बोळा काढला होता!

"मंग तू सांगतलं काहून नाई?"

"तू इतल्या हौसेनं करून राह्यला होता," माय म्हणाली. "म्हटलं, पोराचं मन कायले मोडू?"

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ते मंदानं पाहिलं, म्हणून ती त्या वेळी काहीच बोलली नाही. नंतर बोलली. पुष्कळ बोलली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गाव गाठलं. पाहतो तर दादाच्या दारात ट्रॉली भरून तयार. भाव जरासा हलला होता म्हणून स्वारी मार्केटला निघाली होती. मी मागचापुढचा विचार न करता ट्रॉलीवर चढलो आणि कापसावर आडवा झालो.

"उतर खाली, बह्याडा!" दादा ओरडला.

"नाई उतरत. हा कापूस माह्या घरी येईन."

"आठ दिवसांआंधी तूच म्हने घेऊन जाय! आता म्हन्ते आनून दे! तुह्या बापाचा नोकर हाव का मी?"

"बाप तं एकच हाय आपला!"

सगळी गल्ली जमली. मग मी वरूनच, पडल्या पडल्या, मायचं सगळं सांगितलं. बीपी, ट्रक, झेंडा, नारळ. नारळापर्यंत येईतो लोक पोट धरून हसत होते. दादा एकटा हसला नाही. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "पांढरकवड्याले घे. मार्केट कुठी पयून नाई चाललं."

त्या दिवशी दोघा भावांनी मिळून खोली पुन्हा भरली. खालून वर, कोपरान् कोपरा. मी आत उभा राहून कापूस तुडवला, इतका की कानात, नाकात, बनियनमध्ये सगळीकडे कापूस. तुळस मागच्या अंगणात, खाट मधल्या खोलीत, खिडकी कापसाआड गडप. घंटीही उतरवली. बाहेर सलामी चालूच होती बरं का! भक्त लोक काही हटले नाहीत. पण मधल्या खोलीत? काही नाही! चिमीच्या पैंजणांचा आवाज येत होता, तोही स्पष्ट. माय जी झोपली ती दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी उठेना. मंदा तीनदा जाऊन श्वास चालू आहे का पाहून आली.

अहो, अख्ख्या नागपूर-हैदराबाद रोडवर त्या हंगामात आमच्याइतकं निवांत घर दुसरं नसेल. शेजारचे मास्तर दुपारी आमच्याकडे येऊन झोपायला लागले. अंग खाजवत उठायचे, पण उठायचे ताजेतवाने.

ठरल्या दिवशी यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि खुशीत म्हणाले, "वा! काय केलंत?"

"काही नाही साहेब," मी छाती काढून म्हणालो. "तुम्ही म्हणाला होता ना, जसं चाललंय तसंच चालू ठेवलं."

मागे मंदाला जोराचा खोकला आला.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. मायनं डोळा किलकिला केला, मिटला, पुन्हा उघडला. मी चिमीला उचलून अगदी तिच्यासमोर धरलं. दादा उशाशी, मंदा पायथ्याशी. माय बघत राहिली. कपाळ पाहिलं, डोळे पाहिले, नाक पाहिलं. गालावर बोट ठेवलं, पण या वेळी चाचपायला नाही, नुसतं ठेवायला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नर्स ओरडली, "आजी, रडू नका, टाके आहेत!" तशी माय रडता रडता हसायला लागली. आम्ही जिंकलो होतो हो! जगात त्या वेळी माझ्याएवढा मोठा माणूस नव्हता.

त्याच भरात मी विचारलं, "सांग आता माय, कोनावर गेली पोट्टी?"

मायनं चिमीकडे पाहिलं. मग मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. पुन्हा एकदा चिमीकडे पाहिलं. आणि हात लांब करून मंदाचा हात धरला.

"घोर नको करू, मंदा," माय म्हणाली. "तुह्यावरच गेली."